जिभेचा क्रूस

“स्टिअरिंगच्या चाकावर हात ठेवणारा माणूस, वेतुरियाबाई, थेट मृत्यूच्या डोळ्यांत डोळे घालून बसलेला असतो!” मोगामास्तर म्हणाले.

“मास्तर, तुमचा कोट दारात अडकलाय,” वेतुरियाबाई म्हणाल्या.

मास्तरांनी दार उघडून कोट आत ओढला. मग पट्टा लावला, तोही बाईंनी सांगितल्यावर. बावीस वर्षं गावाला गाडी शिकवणाऱ्या या माणसाला त्रेसष्ट वर्षांच्या एका शिष्येनं टेकीला आणलं होतं. आज बाईंची पाचवी परीक्षा. आज नापास झाल्या की फाइल बंद, आणि लेखी परीक्षेपासून सगळं पुन्हा.

लायसन्स तर हवंच होतं. थोरली बहीण सावेता डोंगरावरच्या गावात पाय प्लास्टरमध्ये घालून बसली होती. तिकडची बस मार्चपासून बंद. सावेताला रोज दुपारी सूप लागायचं, तेही गरम. जरा कोमट झालं की ती शेजारणींना बोलावून चाखवायची.

“शिकवलेलं सगळं कळतं तुम्हाला,” मास्तर कळवळून म्हणाले. “गाडी मागे घेत उलटी लावणं पहिल्याच दिवशी जमलं. मग परीक्षेतच काय होतं हो?”

काय होतं ते सगळ्या गावाला पाठ होतं. पहिल्या परीक्षेत चर्च दिसलं आणि बाईंचा उजवा हात चाक सोडून क्रूसाची खूण करायला आपोआप उठला: कपाळ, छाती, उजवा खांदा, डावा खांदा. आमच्याकडे चर्चसमोरून जाताना अख्खी बस हेच करते, ड्रायव्हरसकट. पण त्या ड्रायव्हरची परीक्षा चालू नसते. दुसऱ्या वेळी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी बाई कोपर खिडकीबाहेर टाकून आरामात बसल्या. चौथ्या वेळी त्यांनी समोरून येणाऱ्या ट्रकला दिवे मिचकावले. पुढे पोलीस उभा आहे, जपून जा, असा त्याचा अर्थ. पोलीस पुढे कुठेच नव्हता. तो बाईंच्या शेजारी बसून त्यांची परीक्षा घेत होता.

“असल्या खोडी येतात कुठून?” मास्तरांनी विचारलं.

“बसमध्ये पुढची सीट धरते मी. दिसेल तेच शिकणार ना!”

“बरं, ऐका. आज क्रूस जिभेनं करायचा. तोंड मिटून, आतल्या आत टाळूवर. माझी आजी असाच करायची.”

“देवाला चालेल?”

“देवाला कळतं, पोलिसाला दिसत नाही. आणखी काय पाहिजे तुम्हाला?”

परीक्षक नवा होता, क्लुज शहरातून बदलून आलेला. इन्स्पेक्टर टोडेराश. हसण्यासाठी वरून परवानगी लागत असावी असा चेहरा. तो पुढे बसला, मास्तर मागे. पोलीस चौकीच्या अंगणातून गाडी लोण्यासारखी बाहेर पडली.

पहिलं चर्च आलं. बाईंचे दोन्ही हात चाकावर. गाल मात्र आधी वर गेला, मग खाली, मग उजवीकडे फुगला, मग डावीकडे.

“दात दुखतोय?” टोडेराशनं विचारलं.

“अक्कलदाढ, साहेब.”

“या वयात?”

“उशिराच आली.”

मागे मास्तरांनी डोळे मिटले. दुसरं चर्च, तिसरं, चौथं. बाजाराजवळ एक ट्रक भरधाव समोर आला. बाईंचं बोट दिव्यांच्या दांडीकडे निघालं, वाटेत थबकलं आणि निमूट चाकावर परतलं. मास्तरांनी श्वास सोडला तो सगळ्या गाडीत ऐकू आला.

शेवटचं चर्च मोठं, दोन घुमटांचं. इथं मात्र अघटित घडलं. टोडेराशनंच टोपी काढली आणि छातीवर ठळक क्रूस केला. मग मान वळवून बाईंकडे पाहिलं.

“सात चर्चं झाली, बाई. तुम्ही एकदाही नाही केलात. देवाधर्माचं काही नाही का?”

मास्तरांना घाम फुटला.

“साहेब,” नजर रस्त्यावरून न हलवता बाई म्हणाल्या, “हात उचलला तर तुम्ही नापास करता. नाही उचलला तर वरचा करतो. म्हणून जिभेनं करतेय. सातही केलेत. दाढ माझी कधीच पडली.”

चौकीच्या अंगणात बाईंनी एका झटक्यात गाडी उलटी लावली, हॅन्डब्रेक ओढला आणि हात मांडीवर ठेवले.

टोडेराश बराच वेळ कागदावर लिहीत होता. मग त्यानं कागद पुढे केला, आणि त्याच्या चेहऱ्यावर चक्क हसू आलं.

“पास. बाई, अहो, जन्मात चाकाला हात न लावलेलं माणूस या वयात इतकी शिस्त शिकतं! मोगा, यांचा फोटो लावा तुमच्या शाळेत. बाई, आजपासून रस्ता तुमचा.”

मास्तरांनी भर अंगणात डोळे पुसले. बाईंनी कागदाच्या चार घड्या करून तो पिशवीत ठेवला, खाली उतरल्या आणि अंगणाच्या टोकाकडे पाहून थोड्या घुटमळल्या.

“काही हवंय का?” टोडेराशनं मायेनं विचारलं.

“साहेब, तेवढी तुमची जीप जरा पुढे घेता? सकाळी मी माझी गाडी भिंतीशी लावली, आणि मग तुमची आडवी आली.”