कोंडीबाची चाल

"पुन्हा चुकलं," म्हणत महादेवप्पा पटावरून उठले. "कोंडीबा असा उतावळा न्हवता. उंट मारायच्या आधी चार दिवस तरसवायचा."

सिद्धेश्वरीनं लॅपटॉप जवळ ओढला. अकलूजचा कोंडीबा आणि सोलापुरातले महादेवप्पा, म्हणजे तिचे वडील आप्पा, एकतीस वर्षं फोनवर बुद्धिबळ खेळले. तेही देशी, राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारू देणारं. कोंडीबा गेला त्याला सात महिने झाले. तेव्हापासून आप्पांचं जेवण अर्ध्यावर आलं होतं आणि बोलणं त्याहून कमी.

संगणकावरची बुद्धिबळाची तयार इंजिनं जगज्जेत्यांना पाणी पाजतात, पण राजा घोड्यासारखा उडाला की गडबडतात. म्हणून आप्पांच्या वह्यांतले सहाशे डाव भरून ती एक वेगळंच इंजिन बांधत होती. त्याला एकच सुरुवात यायची, कोंडीबाची. तिथून पुढेही त्यानं कोंडीबासारखंच वागायचं.

आप्पा बारीकसारीक खोडी सांगायचे. चाल ऐकली की कोंडीबा फोन ठेवायचा, पाच मिनिटांनी उलट लावायचा. तिनं इंजिनालाही पाच मिनिटं थांबायला लावलं. लग्नाकार्यात गाठ पडली तर मात्र गडी पटाला शिवायचा नाही. म्हणायचा, तुमचं तोंड बघून हसू येतं.

एका रविवारी आप्पा हरले आणि दोन भाकरी जास्त जेवले. तरी त्यांचं मन खात्री मागत होतं, हा खरंच कोंडीबा का? ते सांगणारं एकच माणूस होतं, त्याची बायको चिमाबाई. ती दवाखान्याच्या कामाला सोलापूरला आली, तेव्हा सिद्धेश्वरीनं तिला घरी आणलं, चहा दिला, डाव लावला. तिला पटातलं कळतं का, हे कुणी विचारलं नाही. नवऱ्याची सवय ओळखली तरी पुष्कळ.

आप्पांनी हत्ती सरकवला. पाच मिनिटांनी इंजिनानं सरळ घोडा बळी दिला.

आप्पांचा चेहरा उजळला. "वहिनी, हुबेहूब तोच की न्हाई?"

चिमाबाईनं बशी खाली ठेवली.

"चाल बराबर हाय, भावजी," ती हळूच म्हणाली. "पर त्येंचा नुसता फोन असायचा. पट माज्या चुलीपाशी मांडलेला, अन् चाल मी सांगायची."