डाव्या पंख्यातला दाणा

चौकशी अधिकाऱ्यांनी प्लास्टिकची छोटी पिशवी माझ्यापुढे सरकवली. आत तांदळाचा एक दाणा होता, कुंकवाने अजून लालसर.

"डाव्या पंख्याच्या सांध्यात अडकला होता. कुठून आला असेल?"

"सांगता येत नाही, सर," मी म्हणालो.

आमचं विमान पंखे आभाळाकडे करून हेलिकॉप्टरसारखं जागच्या जागी वर उठायचं आणि मग तेच पंखे पुढे झुकवून विमानासारखं पळायचं. जिथे धावपट्टी नाही अशा चौक्यांवरून जखमी जवान आणण्यासाठी आम्ही ते अकरा वर्षं घडवत होतो. दसऱ्यानंतरच्या चाचणीत उजवा पंखा झुकला, डावा उभाच राहिला. आमचा वैमानिक भागवत आत होता.

खंडेनवमीला हँगरमध्ये यंत्राची पूजा झाली, तेव्हा त्या सांध्याचं झाकण दुरुस्तीसाठी काढलेलं होतं. मला ते दिसत होतं. तरी मीच ताट भागवतच्या बायकोपुढे धरलं. "वहिनी, तुमच्या हातून होऊ दे." तिने डोळे मिटून दोन-चार अक्षता वाहिल्या. ताटात उरलेल्या मूठभर मी वाहिल्या.

चौकशीनंतर दुपारी भागवतच्या तेराव्याला गेलो. पानं वाढली जात असताना वहिनी माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

"भाऊजी, काही सापडलं का?"

"नाही, वहिनी."



"माझंच चुकलं," ती म्हणाली. "त्या दिवशी घाईत दोन-चारच वाहिल्या. तुमच्यासारख्या मूठभर वाहायला हव्या होत्या."