पाहुणे एंजल

ओरिन्शा नवऱ्याच्या घरात शिरली ती कोटाच्या आत काकडीच्या लोणच्याची मोठी बरणी कवटाळून. बाहेर कारागांदा शहराची थंडी पापण्या गोठवत होती. लग्नाची नोंदणी उरकून दोघं बसनं आली होती. सेयिलखान वाटभर कुरकुरत होता, "नवरीचं लोक तोंड बघतात. तुझं सगळे पोट बघतायत. या वयात मला तोंड दाखवायला जागा ठेव बाई."

बरणीत लोणचं नव्हतं. दोन एंजल मासे होते, तळहाताएवढे, चपटे, चंदेरी अंगावर काळे पट्टे.

सेयिलखानची मुलगी तोगझान दारातच उभी होती. तिच्या मागे भिंतीला लागून माशांची लांबलचक काचेची टाकी उजळलेली. दाट हिरवी झाडी, तिच्यातून फिरणारा इवल्या निळ्या-लाल निऑन माशांचा थवा, तळाशी गाळ चाळणारे मिशाळ कॅटफिश. टाकी तोगझानच्या आईची. आई गेली त्याला बराच काळ लोटला, पण तोगझाननं आत एक पान कुजू दिलं नव्हतं.

"हे यात जाणार नाहीत," कोटाआडून निघालेल्या बरणीकडे बघत तोगझान म्हणाली. ना या, ना बसा. "हे निऑन खातात."

सेयिलखान बूट काढण्यात एकाएकी फार गुंतला.

"खातात ना," ओरिन्शा म्हणाली. "तोंडात मावेल ते खातात. एंजल नुसते नावाचे."

तोगझान भांडायच्या तयारीत होती. पण ती दारातून बाजूला झाली.

"परवा सामानाबरोबर माझी टाकी येईल. तोवर राहतील बरणीत. आईची टाकी आहे तुझ्या, तिच्यात तुझाच शब्द चालणार." ओरिन्शानं बरणी स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवली आणि चहाचं आधण चढवलं, जणू वर्षानुवर्षं याच घरात चढवत आली होती.

चहा पिऊन होतो न होतो तोच खिडकीखालचा, घर तापवणारा रेडिएटर गार पडला. जिन्यात आरडाओरडा ऐकू आला. कुठंतरी गरम पाण्याचा मोठा नळ फुटला होता, सगळ्या गल्लीचीच ऊब गेली होती. मग घरोघरी विजेच्या शेगड्या लागल्या आणि तासाभरात वीजही गेली. टाकीतला दिवा विझला, हवेचे बुडबुडे थांबले. उरला तो स्वयंपाकघरातला गॅस.

तोगझान धावत जाऊन गोधड्या घेऊन आली आणि टाकीला गुंडाळू लागली. ओरिन्शानं बाह्या वर सारल्या.

"वरून थोडी फट ठेव, श्वास कोंडेल. सेयिलखान, रिकाम्या बाटल्या आणा. ज्यांना झाकण आहे त्या. उभे काय राहताय, नवरदेव असाल तर असाल!"

पाणी तापलं. बाटल्या भरल्या, घट्ट बंद केल्या, टाकीत तरंगत सोडल्या. निवल्या की काढायच्या, पुन्हा भरायच्या. दोघी खांद्याला खांदा लावून काम करत होत्या.

मेणबत्ती घेऊन वळताना तोगझानची नजर बरणीकडे गेली. दोन्ही एंजल पाण्याच्या वरच्या कडेला येऊन तोंड उघडत-मिटत होते. एक कलला होता.

"तुमचे बघा की!"

"बघितले. इतक्याशा पाण्यातली हवा संपत आलीय."

"मग?"

"मग काय? हातातली बाटली दे, गार झाली ती."

ओरिन्शाचा आवाज जराही हलला नाही. हे मासे तिनं ज्वारीच्या दाण्याएवढे होते तेव्हापासून वाढवले होते. पण शब्द दिला होता, आणि ती दिलेला शब्द फिरवणारी बाई नव्हती. तिनं बाटली भरली. झाकण मात्र दोनदा वाकडं बसलं.

तोगझाननं ते पाहिलं. टाकीवरची गोधडी बाजूला सारत ती म्हणाली, "आणा ती बरणी."

"नीट विचार कर. सकाळी एखादा निऑन कमी भरला तर—"

"तुम्हाला कुणी विचारलंय का? आणा म्हटलं ना!"

"एकदम ओतू नकोस," ओरिन्शा म्हणाली. "टाकीतलं पाणी पेल्यापेल्यानं बरणीत घाल. ओळख होऊ दे."

पहाटे पाइप खणखणले, भिंतीतून ऊब परतली. पाठोपाठ दिवे आले. स्वयंपाकघरात कोटासकट पेंगलेली तिघं उठून टाकीपाशी गेली. तोगझाननं गोधडी ओढली.

एंजल झाडीपुढं ताठ उभे होते, पंख पसरून, घरमालकासारखे. निऑनचा थवा मागच्या कोपऱ्यात गोळा झालेला. तोगझान काचेला नाक लावून मोजत राहिली. एकही कमी नव्हता.

ओरिन्शानं जाळी उचलली.

"कुठं नेताय त्यांना?"

"बरणीत. ताजं पाणी भरून ठेवलंय. आणि खरं लपवून काय करू? आज नाही खाल्ला एखादा, उद्या खातील."

"आधी खायला घाला," तोगझान म्हणाली. "रात्रभर उपाशी ठेवायचं आणि वर चोर म्हणायचं, ही या घराची रीत नाही."

ओरिन्शानं तिच्याकडे पाहिलं. जाळी खाली ठेवली. उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक चिमटीत चुरला आणि पाण्यावर धरला. दोन्ही एंजल सावकाश, डौलात वर आले.

तेवढ्यात मागच्या कोपऱ्यातून एक निऑन सुटला, दोघांच्या मधून सुळकन वर गेला आणि एका एंजलच्या अगदी ओठापुढचा कण पळवून झाडीत पसार झाला.

"बघा," सेयिलखान म्हणाला, "आणि आपण काळजी कुणाची करत होतो!"