हिरवा रस्ता

कोपरच्या सोसायटीतलं हळदीकुंकू रंगात असताना पाहुणी म्हणून आलेल्या फौजदार प्राचीने मोबाइलवरचा गुन्ह्यांचा नकाशा कौतुकाने दाखवला. “गेल्या वर्षी तुमचा रस्ता लालभडक होता. आता बघा, हिरवागार! मंगळसूत्र खेचल्याची एकही तक्रार नाही. म्हणून इथली गस्त सोमवारपासून लाल रस्त्यांवर हलवतोय.” टाळ्या वाजल्याच नाहीत. शेवटी कलावतीकाकूंनी तोंड उघडलं. “खेचतात हो मॅडम अजून. पण खरं आम्ही कपाटात ठेवलंय, रस्त्यावर सगळ्या एक ग्रॅमचंच घालतो. खोट्या मंगळसूत्रासाठी चौकीची पायरी कोण चढणार? तुम्हीच हसाल.” प्राचीला खरंच हसू आलं. “मग काकू, चोरालाच फसवलंत की! तुमचं काय गेलं?” काकूंनी गळ्याभोवतीचा पदर बाजूला केला. तिथे काळानिळा वळ आणि ताजे टाके होते. “मंगळसूत्र खोटं होतं पोरी, गळा खरा होता.”