अजून किती तास

“घरी पोचायला नक्की किती तास लागतील गं?” मामांनी फोनवर पुन्हा विचारलं.

“विमानाचे पाच, मामा. पुढे पुण्यात जेवढे लागतील तेवढे.”

ऑकलंडहून सिंगापूरला येईपर्यंतच केतकी अर्धी झाली होती. मांडीवरच्या पिशवीत बाबांसाठी घेतलेली लोकरीची कानटोपी होती. काल हेच मामा ओरडले होते, “मिळेल ते विमान पकड, पण लगेच नीघ!” आज म्हणत होते, “सावकाश ये, बाळा. आम्ही थांबतो.”

“बाबा कसे आहेत?”

“आहेत तसेच. झोपलेत.” मामांनी घाईघाईने फोन आईकडे दिला.

“काही खाल्लंस का गं?” आईचा आवाज कोरडा होता.

“विमानात खाल्लं. तुम्ही?”

“लेलेकाकूंनी पिठलं-भात पाठवलाय. खाऊ थोड्या वेळाने.”

केतकीने पिशवीतली कानटोपी मुठीत धरली. कॉलनीत कुणाचं माणूस गेलं की त्या घरी चूल पेटत नसे, आणि पिठलं-भाताचं पातेलं घेऊन सगळ्यांच्या आधी आईच धावायची.

“म्हणजे… सहजच पाठवलाय,” आई घाईने म्हणाली. एवढ्या लांबच्या वाटेवर लेक एकटी रडायला नको, म्हणून सगळ्यांनी मिळून लपवलेलं तिच्याच तोंडून निसटलं होतं.

केतकीने आवाज सावरला. “बाबांना सांग, कानटोपी आणलीय.”

“सांगते हं,” आई म्हणाली.

तिच्यामागून मामांचा दबका आवाज आला, “पाच तास नुसते विमानाचेच आहेत. अजून बर्फ मागवा.”