पुण्याला पाठवलेला प्रश्न

“सांगून कुणाला पटायचं न्हाई, पण पुण्याच्या चार पंडितांची बोलती एकट्यानं बंद करून आलोय!” पारावर टेकत बबनराव म्हणाले.

कारखान्यासाठी पिंपरी गावाच्या जमिनी जायच्या होत्या, आणि ‘खेडी आणि कारखाने’ या विषयावर पुण्यात परिसंवाद होता. जमीन गेल्यावर आम्ही जायचं कुठं, एवढंच विचारून यायला गावानं बबनरावांना चिंचवड स्टेशनात गाडीत बसवून दिलं होतं. बोलण्यात त्यांचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं.

“तिथली तऱ्हाच न्यारी, राव. तोंडानं इचारायचं न्हाई, चिठ्ठीवर लिहून वर धाडायचं. दिली की म्या धाडून! अध्यक्षांनी मोठ्यानं वाचली आन् घटाघटा पाणी प्याले. म्हनले, या पिंपरीकराला उत्तर दिल्याबिगर एक गुंठा घ्यायचा न्हाई.”

“मग उद्याची मोजणी?” दत्तोबांनी घाईनं विचारलं.

“रद्द! पेरा बाजरी बिनघोर.”

पारावर एकच गलका झाला. दत्तोबांनी तर बसल्या जागी हात जोडले. जिचं रान मोजणीत पहिलं होतं ती कुशाबाई मात्र पाराखाली उभी राहून बबनरावांच्या तोंडाकडे बघत होती.



“भावजी,” ती म्हणाली, “जमिनीच्या नोटिशीवर तुमचा आन् माझा अंगठा शेजारी शेजारी हाय. मग चिठ्ठी लिहिली कुणी?”