डमी आवाज

रेकॉर्डिस्टने थोरलीचा ट्रॅक म्यूट केला, आणि गाणं तसंच चालू राहिलं.

त्याने बटण सोडून पुन्हा दाबलं. पडद्यावर तिच्या ट्रॅकची पट्टी काळी पडली. स्पीकरमधला आवाज मात्र तसूभरही हलला नाही. तेच शब्द, तीच चाल, तोच गळा.

थोड्या वेळापूर्वी याच खोलीत सगळ्यांनी हे गाणं ऐकलं होतं. संगीतकार डोळे मिटून बसले होते. गाणं संपल्यावर ते म्हणाले, "याला आता हात लावायचा नाही. काय गळा लागलाय! असं गाणं मी कित्येक दिवसांत ऐकलेलं नाही." गाणं गाणारी थोरली त्यांच्या शेजारीच होती. चित्रपटाचं मुख्य गाणं तिला मिळालं होतं. मधे बराच काळ कुणी बोलावलं नव्हतं, त्यामुळे या गाण्यावर तिचं पुढचं सगळं अवलंबून होतं. कौतुक ऐकून ती लाजली नाही की हसली नाही. एवढंच म्हणाली, "मग कळवून टाका ना निर्मात्यांना. चांगल्या कामाला उशीर कशाला?" संगीतकारांनी बसल्या जागेवरून फोन लावला आणि गायिकेची तोंड भरून स्तुती केली. गाणं ऐकवलं, पलीकडून होकार आला. मग दोघं बाहेरच्या खोलीत चहाला गेले.

रेकॉर्डिस्ट आता एकेक ट्रॅक तपासू लागला. गाण्यातल्या प्रत्येक वाद्याचा, प्रत्येक आवाजाचा ट्रॅक वेगळा असतो. तालवाद्यांचे ट्रॅक एका बसमध्ये, म्हणजे एका सामाईक वाटेत, सोडायचे, व्हायोलिनचे दुसरीत, गाणाऱ्यांचे तिसरीत. सगळ्या बस शेवटी एका ठिकाणी येतात आणि तिथून आवाज स्पीकरला जातो. सकाळी त्याने या बस नव्याने लावल्या होत्या. त्या गडबडीत थोरलीचा ट्रॅक कुठल्याच बसला जोडायचा राहून गेला होता. मघाशी ऐकताना तिची हिरवी पट्टी प्रत्येक सुराला वरखाली होत होती, पण तो सूर कुठेच पोचत नव्हता. गाणाऱ्यांच्या बसमध्ये बसला होता तो बंद करायचा राहून गेलेला डमी.

डमी धाकटीचा होता. धाकटी म्हणजे थोरलीची सख्खी बहीण. चाल पक्की झाली की ती गाणं कच्चं गाऊन द्यायची. वादक त्यावर वाजवायचे, थोरली ते ऐकून आपलं गाणं बसवायची, आणि काम झालं की धाकटीचा ट्रॅक बंद व्हायचा. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं. एरवी ती शाळेत मुलांना गाणं शिकवायची. आत्ताही तिथेच होती. तिला एखादं गाणं द्या, असं थोरलीने संगीतकारांना कितीदा तरी सुचवलं होतं. त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "दोघींचा आवाज सारखाच. एकाच विहिरीचं पाणी दोन घागरींत कशाला भरायचं?"

रेकॉर्डिस्टने दोन्ही ट्रॅक एकामागून एक लावून पाहिले. आवाज खरंच सारखे होते. पण थोरली प्रत्येक सूर काचेचं भांडं ठेवावं तसा जपून ठेवत होती. धाकटीचं गाणं पुढे कुणी ऐकणारच नव्हतं. ती मोकळी गायली होती.

मुकाट्याने ट्रॅक बदलता आला असता. त्याला ते जमलं नाही. त्याने दार किलकिलं करून संगीतकारांना एकट्यालाच आत बोलावलं.

"सर, ताईंची बस चुकली."

"कसली बस? त्या तर माझ्या गाडीतून आल्या!"

त्याने पडद्यावर दाखवून सगळं सांगितलं. संगीतकारांचा चेहरा उतरला. दाराकडे बघत त्यांनी आवाज खाली आणला. "आधी नीट जोड. त्यांना कळता कामा नये. धाकटीचं गाणं स्वतःचं समजून ऐकत बसल्या, हे कळलं तर लाजेने अर्ध्या होतील बिचाऱ्या."

रेकॉर्डिस्टने थोरलीचा ट्रॅक जोडला, धाकटीचा बंद केला. तेवढ्यात थोरली आत आलीच.

"या, ताई," संगीतकार उगाचच मोठ्याने म्हणाले. "किंचित हात फिरवलाय. ऐकून घ्या एकदा."

गाणं सुरू झालं. आता तिचाच आवाज होता. तयारीचा, बिनचूक. ती खुर्चीत मागे रेलून ऐकत होती. पहिलं कडवं संपायच्या आतच तिने हात वर केला.

"आधीचं लावा."

"त्यात जरा गडबड होती, ताई."

"तुम्ही तर हात लावायचा नाही म्हणालात."

संगीतकारांनी रेकॉर्डिस्टकडे पाहिलं. रेकॉर्डिस्ट माऊसची वायर सरळ करत बसला. शेवटी संगीतकारांनाच तोंड उघडावं लागलं.

"ताई, कसं सांगू तुम्हाला. तो आवाज तुमचा नव्हता. धाकटीचा होता. याची चूक झाली. पण तुम्ही काळजी करू नका, निर्मात्यांना हेच पाठवतो. तुमचं काम जाऊ देणार नाही मी."

थोरली दचकली नाही. तिने पर्समधून फोन काढला, बहिणीचा नंबर शोधला आणि फोन कानाला लावला. पलीकडे रिंग वाजत असताना ती संगीतकारांना म्हणाली,

"पहिल्याच ओळीला ओळखलं मी तिला. तुमच्या तोंडून तिची स्तुती होऊन निर्मात्यांचा होकार येईपर्यंत गप्प बसले, एवढंच."